केसरबाईंचा हस्तिदंत

"प्राण्यापासून बनवलेली एखादी वस्तू आहे का? शिंग, दात, नख, मोरपीस, असं काही?"

मी यादीतला प्रश्न वाचला आणि पेन 'नाही'च्या चौकोनावर नेऊनही ठेवलं. या प्रश्नाला माझ्या ऑफिसात कुणी 'हो' म्हणत नाही.

केसरबाई राठोडांनी पदर मागे सारला आणि दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. कोपराच्या वर, अख्ख्या दंडावर, जाड पिवळसर-पांढऱ्या बांगड्या होत्या. एकेका हातात नऊ.

"हे हाये ना," त्या म्हणाल्या. "अस्सल हस्तिदंत. आमच्या लग्नातला."

शेजारी राठोड गुरुजी चहा पीत होते. त्यांना जोरात ठसका लागला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि पेन खाली ठेवलं. सोमवारची दुपार होती आणि शनिवारी सकाळी नागपूरहून या दोघांचं विमान होतं.

मी यवतमाळात बावीस वर्षं ट्रॅव्हल ऑफिस चालवते. आमच्या घरात तीन पिढ्या फायली सांभाळण्यात गेल्या. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत. त्यामुळे कागद पुरे झाल्याशिवाय मला भूक लागत नाही. निघण्याआधी पाच दिवस मी प्रत्येक क्लायंटला समोर बसवून ब्रीफिंग देते, म्हणजे पासपोर्टपासून औषधांच्या चिठ्ठीपर्यंत सगळं एकदा तपासते. लोक कंटाळतात, मी कंटाळत नाही. मोरपिसाचा प्रश्नही असाच यादीत आला. बाभुळगावचे एक आजोबा दुबईच्या नातवासाठी मोरपिसांचा पंखा घेऊन निघाले आणि विमानतळावर तीन तास अडकून पडले. मोरपीस देशाबाहेर नेता येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

हस्तिदंताचं मात्र मला पक्कं माहीत होतं.

राठोड जोडपं दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरचं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. शेती केसरबाईंच्या हातात, आधीपासूनच. गुरुजींना बसने चारधाम करायचं होतं. केसरबाईंनी मुलीच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता: समुद्रातून सरळ उभे राहिलेले डोंगर, त्यांच्या पोटात गुहा, आणि गुहेत शिरणाऱ्या चिंचोळ्या होड्या. त्यांनी तो व्हिडिओ घेऊनच माझं ऑफिस गाठलं होतं. "हे कुठं हाये ते सांगा. तिथं जायचं हाय."

ते थायलंडमध्ये, फुकेतजवळ आहे. मी त्यांना सिंगापूरहून निघणारी क्रूझ दिली. क्रूझ म्हणजे फिरतं हॉटेल. रात्री जहाज चालतं, सकाळी नवं बंदर येतं. बंदरावर उतरून दिवसभर जे फिरायचं, त्याला शोर एक्स्कर्शन म्हणतात, आणि ते आधीच फॉर्म भरून ठरवावं लागतं. बहुतेक लोक बसमधून शहर पाहतात आणि बाजारात उतरतात. केसरबाईंनी बसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मलेशियातल्या पेनांगला त्यांनी जंगलातून टेकडी चढायचं घेतलं. फुकेतला कयाक, म्हणजे तीच दोन माणसांची चिंचोळी होडी.

बुकिंग झाल्यापासून दोघं रोज पहाटे शेताच्या बांधावरून चालत होते. पुढे केसरबाई, पायात मुलीने आणलेले निळे स्पोर्ट शूज. मागे गुरुजी, हाश्शहुश्श करत. ही बातमी मला गुरुजीच फोनवर द्यायचे. दिवसातून तीनदा फोन. जहाजावर दही भेटते काय? जहाजात डास राहतात काय? हिले आताच इतका जोम हाये, तिथं काय करीन ही?

फॉर्म भरताना एकच गोष्ट मला खटकली होती. फुकेतला कयाकनंतर दुपारी दोन पर्याय होते. एक स्नॉर्केलिंग, म्हणजे डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे पाहायचे. दुसरा, वाळूत छत्रीखाली बसायचं. केसरबाईंचं माहेर धरणाच्या काठचं. तरी त्यांनी छत्री निवडली. वर विचारलं, "होडीत हातावर पानी किती उडते, ताई?" मला वाटलं, वय झालं, सर्दीची भीती असेल.

तर आता त्या बांगड्या माझ्यासमोर होत्या.

"केसरबाई," मी म्हटलं, "हस्तिदंत देशाबाहेर नेता येत नाही. नखाएवढा तुकडासुद्धा नाही. गुन्हा आहे तो. या घरी काढून ठेवाव्या लागतील."

त्या हसल्या. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मग माझा चेहरा पाहून त्यांचं हसू गेलं.

"काढून ठेवू? हे बलिया हायेत, ताई. मालकाच्या नावाचे. लग्नात एकदा चढवले का मालक जित्ता हाये तवरोक उतरत नाहीत. आन उतरतीन कसे? पंधरा वर्षाच्या पोरीच्या हातातून चढवलेले, आता कोपरावरून येतीन काय? कापाच लागतीन."

"मग..."

"मंग मी नाही जात." त्यांनी पदर परत दंडावर ओढला. "मास्तरले पाठवा."

एवढं बोलून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. टेबलाखालून त्यांच्या पायातले निळे शूज दिसत होते. मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षांत खूप माणसं पाठवली, पण जाण्यासाठी इतकं आसुसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

ती दोघं गेल्यावर मी मुंबईला फोन लावला. आमच्यासारखे गावातले एजंट स्वतः क्रूझ विकत नाहीत. मुंबईच्या एका मोठ्या ऑपरेटरच्या ग्रुपमध्ये आपली माणसं बसवतात. तिथल्या फर्नांडिस मॅडम म्हणजे माझी बॉसच म्हणा.

"आयव्हरी?" त्या किंचाळल्या. "तुम्ही शुअर आहात?"

"बाई म्हणतात."

"मग एअरपोर्टलाही म्हणतील! माझे चाळीस पॅसेंजर आहेत त्या ग्रुपमध्ये. एकीला कस्टम्सने बसवलं तर सगळे लटकतील. एक तर बांगड्या नाहीत, नाहीतर बाई नाहीत."

"आणि हस्तिदंत नसेलच तर? पुष्कळ ठिकाणी आता प्लास्टिकच वापरतात."

"मग पॅसेंजरकडून लिहून घ्या. सेल्फ डिक्लरेशन. त्यांच्या स्वतःच्या सहीचं. गुरुवारी सकाळपर्यंत माझ्या मेलवर पाहिजे."

मला वनखात्याकडे जाऊन तपासून घेता आलं असतं. पण खरंच हस्तिदंत निघाला असता तर प्रवास राहिला बाजूला, कागदपत्रांशिवाय तो बाळगला म्हणून त्या बाईंच्या मागे भलतंच शुक्लकाष्ठ लागलं असतं. माझ्या ओळखीचे एक सराफ आहेत, त्यांनी सांगितलं की नुसतं भिंगातून पाहिलं तरी कळतं, खऱ्या दातात बारीक जाळीसारख्या रेषा असतात. मी लगेच गुरुजींना फोन केला. उद्या दोघं या, सराफाकडे जाऊन येऊ, आणि प्लास्टिक निघालं तर केसरबाईंच्या सहीने तसा कागद मुंबईला पाठवू.

"कायले?" गुरुजी घाईघाईने म्हणाले. "राहू द्या ना, ताई. क्यान्सल करून टाका. आमी चारधामले जातो."

इथे मला शंका आली. जहाजावर दही मिळेल का, यासाठी तीन फोन करणारा माणूस अख्खी क्रूझ एका वाक्यात सोडून देतो?

मंगळवारी सकाळी ऑफिस उघडलं तर पायरीवर गुरुजी. एकटेच. दारव्ह्याहून पहिल्या काळीपिवळी जीपने आले होते. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"ताई, ते प्लास्टिक हाये."

"काय?"

"बलिया. प्लास्टिकचे हायेत. मीच आनलेले."

मग ते बसले आणि सगळं सांगितलं. त्यांना नुकती नोकरी लागली होती. नवरदेव मास्तर, म्हणून सासऱ्यांनी अट घातली: माझ्या पोरीला नवऱ्याकडचे बलिया अस्सल हस्तिदंताचेच पाहिजेत. तोवर तांड्यातांड्यांत प्लास्टिक आलेलं होतं, हस्तिदंत कुठे मिळत नव्हता. गुरुजींनी पुसद पाहिलं, दिग्रस पाहिलं. शेवटी एका जत्रेत हा जोड दिसला. जरा जाड, जरा पिवळट. दुकानदार म्हणाला, हस्तिदंत सांगा, कोण पाहायला येते?

"मांडवात सासऱ्यानं विचारलं, अस्सल हाये ना? मी हो म्हनून बसलो. एकदा हो म्हनलं, मंग वापस कसं घेऊ? आन ताई, ते जसजसे जुने झाले तसतसे अजूनच खरे दिसून राह्यले!"

मला हसू आवरेना. गुरुजींना मात्र हसू येत नव्हतं.

"अडतीस साल झाले. अख्ख्या तांड्यात हिचे एकटीचे अस्सल. नव्या नवऱ्या येतात, हिच्या हाताले हात लावून जातात. बाकीच्या बाया रंगपंचमीले हिले पुढं उभी करतात. आता मी कोनत्या तोंडानं सांगू?"

"मग त्यांचा प्रवास बुडाला तरी चालेल?"

त्यांनी मान खाली घातली. मग आशेने वर पाहिलं.

"तुमी असं करा ना. तिले सांगा का दिल्लीहून परवानगी आली. आन त्या कागदावर मी तिची सही मारतो. मले जमते."

शिक्षक माणूस! मी खरं तर चिडले. पण क्षणभर मोहही झाला, हे कबूल करते. वस्तू प्लास्टिकची, म्हणजे नेण्यात गुन्हा नाही. बाई खूश, गुरुजी खूश, फर्नांडिस मॅडम खूश. मग मी केसरबाई विमानतळावर कशा वागतील हे डोळ्यांसमोर आणलं. मला त्यांनी एका प्रश्नासरशी दोन्ही हात पुढे करून हस्तिदंत दाखवला होता. टॅक्सीवाल्याला दाखवतील, हवाईसुंदरीला दाखवतील, आणि कस्टमचा साहेब दिसला की त्याच्यासमोर आधी पदर मागे घेतील. त्याला तर त्या परवानगी आल्याचंही सांगतील, आणि तो म्हणेल, दाखवा.

"नाही गुरुजी," मी म्हटलं. "माझ्या फायलीत खोटी सही लागणार नाही. त्यांना खरं सांगावं लागेल. आणि ते तुम्हालाच सांगावं लागेल. मी तिकिटं काढून देते, तुमची कबुली नाही काढून देत."

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

"आज सांगा. उद्या दुपारी दोघं या आणि सही करा."

बुधवारी दुपारी दोघं आली. केसरबाईंच्या चेहऱ्यावरून काही कळेना. गुरुजींच्या चेहऱ्यावरून मात्र सगळं कळलं: त्यांनी सांगितलेलं नव्हतं. मी डिक्लरेशनचा कागद टेबलावर ठेवला. त्यात मराठीत सरळ लिहिलं होतं की माझ्या हातातल्या बांगड्या प्लास्टिकच्या आहेत.

केसरबाईंनी बोट लावून ओळ वाचली. "हे चुकलं, ताई. हस्तिदंताच्या लिहा."

"केसर," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज अर्धाच निघाला. "बरोबर हाये ते."

"काय बरोबर हाये?"

"प्लास्टिकच हायेत. मी जत्रेतून आनले. तुह्या बापाले मी खोटं बोललो. तुले बी."

केसरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताकडे. एक बांगडी बोटाने गोल फिरवली. मग दुसरी. मला वाटलं आता रडतील, किंवा उठून जातील. मी दोन्हीसाठी तयार होते.

"अडतीस साल," त्या म्हणाल्या. "अडतीस साल मी ऊन पान्यानं हात नाही धुतले, पिवळे पडतीन म्हनून. दर शनिवारी तेल लावलं. कापसाचं गाठोडं कधी दंडावर नाही घेतलं, तडकतीन म्हनून. माहेरी गेली का सगळ्या बहिनी धरनात उड्या मारत. मी काठावर उभी, दोन्ही हात वर करून. अन् तू पाह्यत होता. तुले माहीत होतं का हे प्लास्टिक हाये, आन तू पाह्यत होता!"

मला त्या हात वर करून उभ्या राहिलेल्या बाईचं फार वाईट वाटलं. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही.

"भेव वाटे," ते म्हणाले. "तू सोडून जाशीन असं वाटे आधी. मंग वाटे, तू हासशीन."

"हासतेच आता." पण त्या हसल्या नाहीत. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "ताई, प्लास्टिकले खारं पानी बाधते काय?"

"अजिबात नाही."

"मंग त्या फॉर्मवर अजून लिहिता येते काय? ते नळीवालं?"

"स्नॉर्केलिंग?"

"तेच. मले छत्रीखाली नाही बसायचं. मले पान्यात जायचं हाये." त्यांनी कागद पुढे ओढला, ठसठशीत अक्षरांत सही केली. "आन मास्तरचं बी लिहा."

"मले पोहता येत नाही, केसर!" गुरुजी दचकून म्हणाले.

"मंग शिका. दोन दिवस हायेत अजून."

लाइफ जॅकेट देतात, पोहता येणं सक्तीचं नसतं, असं मी सांगणार होते. सांगितलं नाही. म्हटलं, दोन दिवस घाबरू देत जरा.

त्या निघताना मी विचारलं, "आता प्लास्टिकच आहे म्हटल्यावर काढायच्या असतील तर कापता येतील. विमानतळावर सोपं पडेल."

त्या दारात थांबल्या. "काहून काढू? मालक तर अस्सल हाये ना. खोटारडा हाये, पन अस्सल हाये." मग आवाज खाली आला. "आन ताई, तांड्यात हे बोलायचं नाही. तिथं हस्तिदंतच हाये."

गुरुवारी सकाळी मी कागद मुंबईला पाठवला. फर्नांडिस मॅडमचं एका शब्दाचं उत्तर आलं: ओके. स्नॉर्केलिंगच्या जागा भरल्या होत्या. मी वेटिंगवर नावं टाकली आणि जहाज कंपनीच्या मागे इतकी लागले, की शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी बहुधा माझा फोन टळावा म्हणूनच दोन जागा दिल्या.

शनिवारी नागपूरहून गुरुजींचा फोन. ते कुजबुजत होते. "ताई, ही प्रत्येकाले सांगून राह्यली. बोर्डिंगवाल्या पोरीले सांगतलं, तपासनीवाल्या बाईले सांगतलं. कुनी विचारत बी नाही! 'प्लास्टिक हाये बरं, एकदम नकली, या मास्तरनं आनलं.' मी कुठं तोंड लपवू?"

"लपवू नका," मी म्हटलं. "शेजारी उभे राहा."

मुंबईला तेच झालं, सिंगापूरला तेच झालं. भाषेची अडचण केसरबाईंना आली नाही. बांगडीवर नखाने टिकटिक वाजवायची आणि नवऱ्याकडे बोट दाखवायचं. ग्रुपमधले चाळीसही जण दुसऱ्या दिवशी ती टिकटिक करून दाखवत होते, असं मला फर्नांडिस मॅडमनी सांगितलं. पेनांगची टेकडी ग्रुपमध्ये सगळ्यांत आधी केसरबाई चढल्या. फुकेतचा फोटो गुहेत शिरतानाचा आहे. होडीत पुढे बसून त्या वल्हं मारतायत आणि मागे गुरुजी होडीची कड घट्ट धरून डोळे मिटून आहेत. पाण्यातला फोटो नाही. गुरुजी सांगतात, ही दीड तास पाण्याबाहेरच आली नाही, गाइड शिट्टी वाजवून थकला. स्वतः गुरुजी जॅकेट घालून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तेही त्यांच्या मते स्नॉर्केलिंगच होतं.

परत आल्यावर महिन्याभराने केसरबाई ऑफिसात आल्या. सोबत तांड्यावरच्या तिघी जणी. तिघींना अंदमानला जायचं होतं. मोबाइल टेबलावर ठेवून केसरबाईंनी त्यांना सगळी क्रूझ पुन्हा एकदा दाखवली. तिघींमधली वयाने मोठी बाई फोटो पाहता पाहता थांबली. तिने स्वतःच्या दंडाला हात लावला.

"ताई, या बांगड्यायचा काही त्रास तर नाही ना होत इमानात?"

मी तोंड उघडायच्या आत केसरबाई बोलल्या.

"तुमाले काही त्रास नाही. तुमचे प्लास्टिकचे हायेत. माह्या हस्तिदंतासाठी स्पेशल परवानगी लागली. ताईले लय लिहा-पढी करा लागली. नाही का हो, ताई?"

चौघी माझ्याकडे पाहत होत्या. केसरबाई तर पापणीही हलवत नव्हत्या.

"हो ना," मी म्हटलं. "फार लिहावं लागलं."

मग मी अंदमानचे फॉर्म काढले. या धंद्यातून मी एवढंच शिकले की फाईल कोरडी ठेवावी आणि क्लायंट ओला होऊ द्यावा. माझ्या कागदांत आजही एक अक्षर खोटं नाही, कुणीही येऊन तपासा. तोंडी विचारलंत, तर मात्र आमच्या केसरबाईंचा हस्तिदंत अस्सल आहे.